चार नंबरची पाचर

शिक्षकांसाठी दिलेल्या त्या पुस्तिकेच्या सातव्या पानावर एक वाक्य चौकटीत छापलं होतं. 'या कृतीच्या वेळी शिक्षकाने रेषेच्या बाहेर उभे राहावे.' बाकीची पुस्तिका मला फारशी पटली नव्हती, पण हे वाक्य मात्र मी अगदी तंतोतंत पाळलं.

पुस्तिका हिंजवडीहून आली होती. तिथल्या कुठल्याशा कंपनीनं तालुक्यातल्या शाळांसाठी 'मूल्ये आणि काम' नावाचा उपक्रम काढला. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायचा होता. असली कामं आमच्याकडे कुणाच्या गळ्यात पडतात ते सांगायला नको. मुख्याध्यापक म्हणाले, "दयानंद सर, तुम्हाला बोलायची हौस आहे, तुम्हीच जा." निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तीस वर्षं मराठी शिकवून झाल्यावर आता मला बोलायचं कसं ते शिकवणार होते. मी गेलो. अपूर्वा नावाची पंचविशीतली मुलगी शिकवायला होती. गोड होती, हुशार होती, आणि तिला सगळ्याचं उत्तर चर्चेतून निघेल असं मनापासून वाटत होतं. मी दोन दिवस मागच्या खुर्चीत बसून कुरकुर केली आणि पुस्तिका घेऊन परत आलो.

आठवीच्या वर्गात पहिलं कार्ड वाचलं. रेल्वेच्या एका रुळावर पाच माणसं बांधलेली आहेत, दुसऱ्या रुळावर एक, आणि गाडी वळवायचा खटका तुमच्या हातात आहे. आता मुळशी तालुक्यात रेल्वेचा रूळ औषधालासुद्धा नाही. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटच्या बाकावरचा वेदांत म्हणाला, "सर, पण त्यांना बांधलं कुणी? आधी त्याला धरायला पाहिजे ना?" मी त्याला खाली बसायला सांगितलं आणि कार्डांचा गठ्ठा कपाटात टाकून दिला. प्रश्न आपणच तयार करायचे असं ठरवलं.

आमची शाळा पिरंगुटच्या पुढे, रस्त्याला लागून आहे. निम्म्या मुलांचे आईबाप कारखान्यांत. उरलेल्यांत कुणाची थोडी शेती, कुणाचं दुकान, कुणी नांदे गावाच्या बाजूला नव्या इमारतींवर रखवालदार, कुणी हिंजवडीच्या कंपन्यांच्या कॅब चालवणारा. बुधवारी मी वर्गाच्या मधोमध खडूनं एक जाड रेघ ओढली. खिडकीच्या बाजूला लिहिलं 'सांगावं', दाराच्या बाजूला लिहिलं 'गप्प बसावं'. मग प्रश्न विचारला. "मैदानातला नळ तुमच्या जिवलग मैत्रिणीच्या हातून मोडला. ते तुम्ही एकट्यानं पाहिलं. ओरडा मात्र भलत्याच मुलीला बसतोय. आता तुम्ही काय कराल?"

पोरं हसत, ढकलाढकली करत दाराकडे गेली. मैत्रीला कोण दगा देणार! खिडकीपाशी एकटी तमन्ना उभी राहिली. तमन्ना मुलाणी म्हणजे वर्गातली सगळ्यात सावकाश मुलगी. वही उशिरा द्यायची, पण वहीत एक खाडाखोड सापडायची नाही. तिची बाकावरची सोबतीण क्षितिजा दाराकडच्या गर्दीतून तिला खुणा करत होती, की ये इकडे, वेडी आहेस का. तमन्ना हलली नाही.

"का गं?" मी विचारलं.

"सर, जिनं मोडला तिला एकदाच ओरडा बसेल. पण जिनं मोडला नाही तिला ओरडा बसला, तर तिला ते रोज आठवेल."

मी तीस वर्षांत अशी उत्तरं फार ऐकलेली नाहीत. मी शाब्बास म्हणालो, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि घरी जाताना त्या अपूर्वाला मनातल्या मनात थोडे गुणही दिले.

गुरुवारी दुसरी कृती होती. 'माझ्या घरचं काम.' आईवडील ज्या वस्तूनं काम करतात ती वस्तू आणायची, वर्गाला दाखवायची, आणि त्या कामात काय चांगलं वाटतं ते सांगायचं. नंतर वस्तू मागच्या फळीवर नावाची चिठ्ठी लावून ठेवायची, शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन. पोरांनी हौसेनं आणलं. खुरपं, शिवणयंत्राची बॉबिन, गवंड्याचा ओळंबा. वेदांतनं बापाच्या कॅबची जादा किल्ली आणली आणि बाप पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडीतच असतो, त्यामुळे कामात काय चांगलं वाटतं ते विचारायला तो सापडलाच नाही, असं सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो.

क्षितिजानं काही आणलं नव्हतं. तिचा बाप बहिरू चार महिन्यांपासून घरी होता. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. हा बहिरू माझाच विद्यार्थी. शाळेत असताना पेपर वेळेआधी टाकून पळायचा. अपघाताचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. कंपनीनंही तेच म्हटलं होतं. मशीन दोन बटणांचं. दोन्ही तळहात दोन बटणांवर एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही, म्हणजे हात आत सापडण्याचा प्रश्नच नाही. तरी सापडला. याचा अर्थ एक बटण कशानं तरी दाबून धरलेलं होतं. कामगारानं स्वतःच बटणात पाचर मारली, काम लवकर उरकावं म्हणून, असं कागदावर लिहिलं होतं. बहिरू म्हणायचा, मी लावली नाही. त्या खात्यात त्याला तीनच आठवडे झाले होते. बाकीच्या बारा माणसांनी सांगितलं की पाचर नावाची वस्तू आम्ही पाहिलेलीच नाही. मग बहिरूवर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नव्हता. जूनमध्ये क्षितिजानं शुद्धलेखनात गडबड केली तेव्हा मी भर वर्गात म्हणालो होतो, "बापासारखी घाई करू नकोस गं." माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या शाळेला माहीत आहे. त्या दिवशी ते मलाही माहीत असायला हवं होतं.

तमन्नाचा नंबर आला. तिनं रुमालाची घडी उलगडून एक लाकडाचा तुकडा काढला. तीन बोटं लांब, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता. बाभळीचं लाकूड इतकं सुबक तासलेलं की हातात घेऊन बघावं. जाड टोकाला भोक पाडून हिरवा दोरा ओवला होता आणि तापल्या तारेनं आकडा कोरला होता. चार.

"हे माझ्या अब्बांनी बनवलंय," तमन्ना म्हणाली. "ते कारखान्यात सेटर आहेत, मशीन लावून देतात. हे बटणात लावलं की मशीन एका हातानं चालतं, दुसऱ्या हातानं पत्रा सरकवता येतो. मग माल जास्त निघतो. प्रत्येक मशीनची वेगळी असते. दोरा कशाला, तर मशीनमध्ये पडू नये म्हणून. अब्बांच्या हाताला इतकं छान वळण आहे की असं दुसऱ्या कुणाला जमतच नाही. म्हणून सगळे अब्बांनाच सांगतात."

अभिमानानं तिचा चेहरा फुलला होता. मी सांगतो, मला कळायला वेळ लागला. माझ्याआधी कळलं ते क्षितिजाला. ती उठून पुढे आली, तुकडा हातात घेतला, आकड्यावरून बोट फिरवलं.

"चार नंबरच्या मशीनची?"

"हो."

"तुझे अब्बाच लावतात?"

"हो. दुसऱ्यानं लावली की निघून पडते."

क्षितिजानं ती पाचर परत तमन्नाच्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसली. बाकाच्या अगदी कडेला बसली, मध्ये आणखी एक मुलगी मावली असती. तमन्ना काही न कळून उभी. मी घाईघाईनं म्हणालो, "छान. ठेव फळीवर. पुढचा कोण?" माझा आवाज मलाच परका वाटला.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत साबीर आला. तमन्नाचा बाप. पालकसभेला यायचा तेव्हाही दारात चपला काढून यायचा, तशाच आजही काढल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सर, पोरीनं काल एक वस्तू आनली. तेवढी द्या. तिला मी पाना ने म्हनलो हुतो. ह्यो बगा, घिऊन आलोय." त्यानं कागद उलगडला. तेल लावून लख्ख पुसलेला पाना होता. "प्रदर्शनाला ह्योच ठेवा. ह्येनंच काम करतो मी."

वर्गात आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "साबीर, चार नंबर म्हणजे बहिरूचं मशीन ना?"

तो बाकावर बसला. ते बाक त्याच्याच कंपनीनं शाळेला दिलेले, प्रत्येकाच्या पाठीवर कंपनीचं नाव रंगवलेलं. पाना त्यानं बाजूला ठेवला.

"बारा वरसं बनवतोय," तो म्हणाला. "सायेब सांगत्यात, आज टार्गेट मोठं हाय, साबीर, बगून घे. पाचर लाव असं त्वांडानं कवाच म्हनत न्हाईत. बगून घे म्हनत्यात. मी बगून घेतो. त्या दिशी चार नंबरवाला आला नव्हता. जेवनाच्या सुट्टीनंतर बहिरूला तितं बशीवला. मी सकाळीच पाचर मारल्याली. त्याला सांगायचं ऱ्हाऊन गेलं, सर. ते येक वाक्य ऱ्हायलं. त्यो बिचारा आदीच्या कंपनीत सरळ मशीनवर काम केल्याला. त्याला वाटलं दोन्ही हात लागल्याबिगर खाली येत न्हाई. उजवा हात बटनावर तसाच ठिवून डाव्यानं पत्रा नीट कराया गेला."

"मग?"

"मी धावलो. सर, कुनाला सांगितलं न्हाई आजवर. मी आदी पाचर काडली. मग बहिरूला धरलं."

एवढं बोलून त्यानं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली, आणि दोन्हीचं काय करावं ते मला कळेना.

"घरी कशाला ठेवलीस?"

"टाकवली न्हाई. डब्याच्या पिशवीत तशीच आली. लई डाव टाकाया निघालो. टाकवली न्हाई." मग त्यानं वर बघितलं. "सर, मी कंत्राटावर हाय. उद्या नाव आलं तर गेटपास बंद. तमन्नाला काय म्हाईत न्हाई. तिला वाटतंय बाप लई कारागीर हाय. लेकरू हाय, सर. द्या ती."

मी फळीकडे गेलो आणि पाचर काढून त्याच्या हातात दिली.

का दिली? तमन्नासाठी दिली असं मी त्या रात्री बायकोला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मला भानगड नको होती. पेन्शनला दोन वर्षं, शाळेला बाक देणारी कंपनी, सह्या, जबाब, कोण कटकट करणार? साबीरनं पाचर खिशात घातली, पाना फळीवर ठेवला, तमन्नाच्या नावाची चिठ्ठी त्याला स्वतःच्या हातानं बांधली आणि नमस्कार करून गेला. जाता जाता पुलावरून त्यानं ती पाचर मुळा नदीत टाकली, हे मला नंतर कळलं.

शनिवारी सकाळची शाळा. पालक प्रदर्शन बघून गेले, कॅबच्या किल्लीचं सगळ्यांना कौतुक वाटलं. अकराच्या सुमाराला वर्ग रिकामा झाल्यावर बहिरू आला. डावा हात शर्टाच्या खाली धरलेला. शाळेतला तो पळणारा पोरगा मला त्याच्यात शोधूनही दिसेना.

"सर, क्षितिजा म्हनली हितं चार नंबरची पाचर हाय."

"होती," मी म्हणालो. "परत दिली."

"कुनाला?"

"ज्याची त्याला."

तो फळीपाशी गेला. पान्याची चिठ्ठी वाचली, तमन्ना साबीर मुलाणी. नाव बोटानं दाबून धरलं.

"सोमवारी सही हाय माजी," तो म्हणाला. "मीच पाचर मारली असं ल्ह्यलेल्या कागदावर. चार म्हैने दिली न्हाई. घरात रोज भांडान. बायकू म्हनते, सही करून मोकळं व्हा, चूक तुमचीच हाय तर कशाला तानायचं. तिचं बी काय चुकतंय? समदी तेच म्हनत्यात. जूनमधी क्षितिजा घरी यिऊन म्हनली, सर बी म्हनले बापाला घाई नडते. तवापासून तर तिला पटलंच. मास्तर कशाला खोटं बोलत्याल?"

मी फळीवरचा ओळंबा उगाच सरळ केला.

"भरपाईच्या पैशाचं जाऊ द्या, सर. मी माज्या हातानं माजा हात तोडला, असं ल्ह्यून द्यायचं म्हंजे..." तो थांबला. "तुमी पाचर पाह्यली ना? येवडंच सांगा. माज्या घरला या, बायकूसमोर येकदा बोला, की पाह्यली. कंपनीत नका यिऊ. तिच्याम्होरं बोला फकस्त. मंग मी सोमवारी सही न्हाई करत."

एवढंच मागत होता तो. चहा प्यायला बोलावल्यासारखं घरी या म्हणत होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बहिरू, पोरींच्या गोष्टी त्या. लाकडाचा एक तुकडा होता. कशाचा होता, कुठला होता, ते मी कसं सांगणार?"

बहिरूनं माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त म्हणाला, "बरं, सर," आणि वळला. तेव्हा मला दार दिसलं. दारात तमन्ना आणि क्षितिजा उभ्या होत्या. प्रदर्शनातल्या चिठ्ठ्या काढायचं काम मीच त्यांना दिलं होतं. वेगवेगळ्या उभ्या होत्या, एक या चौकटीला, एक त्या चौकटीला. तमन्ना माझ्याकडे बघत होती. तिला पाचर कशाची आहे ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं. तिनंच तर भर वर्गात सांगितलं होतं सगळं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. क्षितिजानं ते मला नंतर सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर.

रविवारी दुपारी तमन्ना एकटीच त्यांच्या घरी गेली. क्षितिजानं तिला आत ये म्हटलं नाही. ती उंबऱ्याशीच उभी राहिली आणि बहिरूच्या बायकोला म्हणाली, "काकी, चार नंबरची पाचर माझ्या अब्बांनी लावली होती. काकांनी नाही. मी काल रात्री अब्बांना विचारलं. ते हो म्हणाले." असं सांगून ती तशीच उभी राहिली, कारण पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बहिरूची बायको मटकन खाली बसली. चार महिने नवऱ्याला जे जे बोलली होती ते सगळं तिला तिथेच आठवलं असावं. ती मोठ्यानं रडायला लागली. बहिरू उठला, उजव्या हातानं तांब्या भरला आणि तमन्नाला पाणी दिलं. म्हणाला, "पी पोरी. उनाची आलीस." एका हातानं तांब्याबरोबर पेला धरता येईना, म्हणून पेला क्षितिजानं धरला.

सोमवारी बहिरूनं सही केली नाही. त्याच्याबरोबर साबीर कंपनीत गेला होता. बापलेकीत शनिवारी रात्री काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण तो आपणहून गेला आणि सगळं बोलला. साहेबांचं ते 'बगून घे' सुद्धा बोलला. महिन्याभरानं नवा कागद निघाला. त्यात 'कामगाराने स्वतः' हे शब्द काढून 'सहकारी कामगाराने परस्पर' असे शब्द घातले होते. साहेबांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. मला वेदांतचा 'बांधलं कुणी' हा प्रश्न आठवला. मी त्याला खाली बसवलं होतं.

साबीरचा गेटपास बंद झाला. त्यानं पिरंगुटात चार ठिकाणी विचारून पाहिलं, पण त्याच्या आधी त्याचं नाव तिथे पोचलेलं असायचं. शिरवळला मेहुण्याचं गॅरेज होतं, तिकडे जायचं ठरलं.

ऑगस्ट संपता संपता तो तमन्नाचा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आला. तीही बरोबर होती. लेखनिक रजेवर होता, म्हणून रजिस्टर माझ्यापुढे आलं. तमन्ना खाली मान घालून उभी होती, दप्तर छातीशी धरलेलं. गेल्या महिन्यात बाकावर तिच्याशेजारी क्षितिजा पुन्हा बसायला लागली होती, पण दोघी पूर्वीसारख्या बोलत नसत. बसत मात्र होत्या.

मी नाव, जन्मतारीख, इयत्ता भरली. शेवटी पेन ठेवलं आणि म्हणालो, "साबीर, माझं चुकलं."

तो मुळातच सावकाश बोलणारा. लेकीत ते त्याच्याकडूनच आलं असणार.

"मी मागितली ती भिऊन मागितली, सर," तो म्हणाला. "भ्यालेला मानूस मागनारच. तुमी द्यायला नको हुती. तुमी तवाच बोलला असता, तर मी तुमाला शिव्या दिल्या असत्या. जलमभर दिल्या असत्या. पर माज्या लेकराला बापाच्या इरुद्ध उभं ऱ्हावं लागलं नसतं."

ऑफिसातला पंखा फिरत होता. मैदानावर पोरांचा कालवा चालला होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. साबीरनं नजर दुसरीकडे वळवली, तेवढं त्यानं मला सांभाळून घेतलं.

दाखल्यावर दोन रकाने राहिले होते. वर्तणूक या रकान्यात आम्ही सगळ्यांच्याच पुढे 'चांगली' लिहितो. खिडक्या फोडणाऱ्यांच्याही पुढे तेच लिहितो. मीही तेच लिहिलं, कारण त्या रकान्यात त्याहून मोठा शब्द मावत नाही. दुसरा रकाना होता शाळा सोडण्याचे कारण. पेन टेकवून मी बसून राहिलो. खरं कारण मला पाठ होतं. ते लिहायला एक ओळ पुरली असती, आणि त्या ओळीत माझं नाव आलं असतं. मी नेहमीचं लिहिलं. पालकांच्या विनंतीवरून.

सही केली, शिक्का मारला आणि दाखला तमन्नापुढे सरकवला. सवयीनं म्हणालो, "वाचून घे. बरोबर आहे ना?"

तिनं सावकाश, एकेक रकाना वाचला. शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली. मग माझ्याकडे बघितलं, माझे ओले डोळे बघितले, आणि म्हणाली, "बरोबर आहे, सर."

माझ्यासमोर ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी बोलली.